साल्विनियावर सोंडकिडा सोडा

महोदय,
आमच्या देवळाच्या तळीवर यंदाही साल्विनिया या पाण्यावर तरंगणाऱ्या नेचावर्गीय तणाचा जाड थर चढला आहे. माणसे कमरेएवढ्या पाण्यात उतरून तो उपसतात, पण चार तुकडे मागे राहिले तरी बघता बघता तळी पुन्हा झाकली जाते. खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे मरतात.

या पाणनेच्याचा वैरी ब्राझीलमधला जेमतेम 2 मिलिमीटरचा काळा सोंडकिडा, सिर्टोबॅगस साल्विनिए. मोठा किडा कोवळे कोंब खातो, अळी खोड आतून पोखरते. पाने तपकिरी पडतात आणि थर कुजून बुडतो. 1980 च्या दशकात केरळमध्ये त्याने साल्विनियाने तुंबलेले कालवे मोकळे केले. भाताला तो तोंड लावत नाही. जलपर्णीवर मात्र त्याचा उपयोग नाही, तिचे किडे वेगळे. म्हणून आधी तण नीट ओळखायला हवे.

तणनाशक फवारणे मला अजिबात पटत नाही, त्याच पाण्यावर गुरे येतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हे किडे वाढवून कोकणातल्या ग्रामपंचायतींना द्यावेत, आणि किडे सोडल्यावर निदान वर्षभर तरी कुणी तळी उपसू नये.

– एक वाचक, सिंधुदुर्ग