बटण शिवण्यालाही 'केवळ प्रौढांसाठी'?

महोदय,

गेल्या रविवारच्या आपल्या पत्रस्तंभात एका वाचकांनी मागणी केली आहे, की समलिंगी प्रेमाच्या कथा, मग त्या दिवाळी अंकातल्या असोत, ऑडिओ ॲपवरच्या असोत की कॉलेजातली मुलं मोबाइलवर लिहितात त्या फॅन फिक्शनमधल्या, त्यांच्या माथ्यावर ठळक इशारा देणं बंधनकारक करावं. पत्राचा सूर सभ्य आहे. बंदी घाला असं ते म्हणत नाहीत. 'आधी सांगा, मग ज्याला वाचायचं तो वाचेल' एवढंच म्हणतात. सभ्य आहे म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

मी मुद्रितशोधक आहे. खिळ्यांची जुळणी होती तेव्हापासून हे काम करते. आता मजकूर पीडीएफमध्ये येतो, पण मी प्रिंट काढून लाल पेनानेच तपासते. श्रावण लागला की कन्नमवार नगरातल्या आमच्या घरात दिवाळी अंकांची पानं पसरलेली असतात आणि पंख्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पोळपाट, खलबत्ता, हाताला लागेल ते ठेवलेलं असतं. मराठीत कशावर इशाऱ्याची चौकट पडते आणि कशावर पडत नाही, हे मला दर पावसाळ्यात पानोपानी पाहायला मिळतं.

गेल्या वर्षी एका अंकात लालबागच्या चाळीतली एक कथा होती. गिरणी बंद पडल्यानंतरची. दोन पुरुष, दोघंही पन्नाशीच्या आसपासचे, एका खोलीत राहतात. शेजारीपाजारी त्यांना आतेमामेभाऊ समजतात. अख्ख्या कथेत शरीराचा म्हणावा असा एकच प्रसंग. एकाच्या सदऱ्याचं बटण तुटतं, त्याला कामावर निघायची घाई असते, म्हणून सदरा अंगावर असतानाच दुसरा ते शिवायला घेतो. अंगावरचा कपडा शिवू नये म्हणतात, त्यावरून दोघांची थोडी कुरबुर होते. शेवटी कात्री सापडत नाही, तेव्हा दुसरा दोरा दातांनी तोडतो आणि तेवढ्यापुरतं त्याचं तोंड पहिल्याच्या छातीशी येतं. संपलं. पुढच्या परिच्छेदात तो माणूस जिना उतरून बस पकडतो.

या कथेच्या शीर्षकावर करड्या पट्टीत चौकट होती : 'केवळ प्रौढांसाठी. या कथेतील विषय काही वाचकांना अस्वस्थ करू शकतो.'

त्याच अंकात थोडं पुढे एक विनोदी कथा. लग्नाच्या पहिल्या रात्री नवऱ्याने केलेली जबरदस्ती, बायकोचं रडणं आणि सकाळी सासूने डोळा मारून 'झालं ना सगळं नीट?' असं विचारणं, हे सगळं तिच्यात हसण्यावारी नेलेलं. आणखी एका कथेत एक मुलगी आत्महत्या करते. ती कशी करते, याला लेखकाने दीड पान दिलेलं. या दोन्ही कथांवर चौकट नव्हती.

मुद्रितशोधकाने मतं मांडायची नसतात, शंका विचारायच्या असतात. मी समासात शंका लिहिली : 'चौकटीचा नियम विनोदी कथेलाही लावायचा का?' संपादकांचा फोन आला. भला माणूस आहे. म्हणाले, "ताई, ती विनोदी आहे हो." मी म्हटलं, त्यातली बायको कुठे हसतेय? मग जाहिरातदार, जुने वर्गणीदार, शाळांच्या ग्रंथालयांत जाणाऱ्या प्रती, सगळं ऐकवून झालं. शेवटी तडजोड ठरली. 'केवळ प्रौढांसाठी' गेलं आणि त्या जागी 'एका वेगळ्या विषयावरची कथा' अशी ओळ आली. विनोदी कथा होती तशी छापली गेली, वर व्यंगचित्रासह.

आता फॅन फिक्शनबद्दल. पत्रलेखकांना वाटतं तिथे सगळा मोकाट कारभार आहे. माझी भाची माटुंग्याला कॉलेजात आहे आणि ती हे लिहिते, म्हणजे आवडत्या मालिकेतली पात्रं उचलून त्यांची आपल्या मनासारखी पुढची गोष्ट. (आमच्या वेळी महाभारतातली पात्रं उचलून कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना पुरस्कार मिळायचे.) तिने मला कथा टाकायचा फॉर्म दाखवला. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे अमेरिकेतल्या एका ना-नफा संस्थेने चालवलेलं कथांचं भांडार. २००९ पासून सर्वांना खुलं आहे, २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. मुलं त्याला एओथ्री म्हणतात. फॉर्मात कथा कोणत्या वयासाठी, हा एक रकाना. इशाऱ्यांचा रकाना वेगळा, आणि तो भरल्याशिवाय कथा चढतच नाही. त्यात गोष्टी चारच : अंगावर येणारी हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीनांचे लैंगिक संबंध. यांतलं काही नाही असं लिहिता येतं, किंवा 'मी आधी सांगणार नाही' असंही लिहिता येतं. मग वाचणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर वाचायचं. आणि कथेत प्रेम कोणाचं कोणाशी, बाईचं बाईशी, बाईचं पुरुषाशी, पुरुषाचं पुरुषाशी, की प्रेमाबिमाची कथाच नाही, यासाठी तिसराच रकाना. स्त्री-पुरुषांच्या प्रेमालाही तिथे खूण आहे.

"म्हणजे ज्याला नको असेल त्याला गाळता येतं?" मी विचारलं.

"येतं की. आणि ज्याला तेच हवंय त्याला शोधता येतं, मावशी. मी तेच शोधते."

खाऊच्या पाकिटावर शाकाहारीचा हिरवा ठिपका असतो आणि तंबाखूच्या पुडीवर कर्करोगाचं चित्र असतं. ठिपका बघून माणूस आपल्या आवडीचं उचलतो. चित्र बघून त्याने हात मागे घ्यावा अशी अपेक्षा असते. कथेत दोन पुरुष आहेत हे वाचकाला आधी कळायला माझी काडीची हरकत नाही. ते ठिपक्याच्या जागी सांगा. पत्रलेखक ते कर्करोगाच्या जागी छापा म्हणताहेत, आणि माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

फॅनमंडळींनाही हे शहाणपण पहिल्यापासून नव्हतं. १९७० च्या दशकात 'स्टार ट्रेक' मालिकेच्या चाहत्या, बहुतेक बायकाच, तिच्यातल्या कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांच्या प्रेमकथा लिहून हौशी पत्रिकांतून टपालाने एकमेकींना पाठवायच्या. दोन नावांमध्ये तिरकी रेघ असायची, तिच्यावरून या प्रकाराला स्लॅश म्हणू लागले. इंटरनेट आल्यावर कितीतरी कथांच्या माथ्यावर 'इशारा : स्लॅश. आवडत नसेल तर वाचू नका' असं लिहिलेलं असे, कथेत हात धरण्यापलीकडे काही नसलं तरी. लिहिणारीला शिव्या खायच्या नसायच्या, म्हणून ती आधीच हात जोडून उभी राहायची. मग वाचणाऱ्यांतूनच प्रश्न येऊ लागले, की मुलगा-मुलगी असली तर हा इशारा का नसतो? हळूहळू ती ओळ इशाऱ्यांमधून निघून कथेच्या माहितीत गेली.

आपल्याकडचा नियमही पत्रलेखकांच्या बाजूने नाही. ओटीटीसाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए (फक्त प्रौढांसाठी) असे वयाचे गट, आणि तो गट कशामुळे दिला याची नोंद. लैंगिक दृश्यांबाबत तिथे पाहायचं ते एवढंच, की ती सूचक आहेत की उघड. कोणाची कोणाशी, हा निकष नाही. सिनेमाच्या प्रमाणपत्रांतही २०२३ च्या दुरुस्तीने तेच वयाचे टप्पे आले. संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांना सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून बाहेर काढलं. तरी प्रमाणपत्र द्यायला टेबलाशी बसलेला माणूस वेगळं वागू शकतो, हे मान्य. २०१६ मध्ये एका समलिंगी प्राध्यापकावरच्या 'अलीगढ' सिनेमाच्या ट्रेलरलाच सेन्सॉरने 'ए' दिलं. ट्रेलरला 'ए' म्हणजे घरच्या सगळ्यांनी पाहायच्या सिनेमाआधी तो दाखवता येत नाही. असा सिनेमा येतोय हेच निम्म्या लोकांना कळायचं नाही. छापील दिवाळी अंकाला तर यातली कुठलीच वर्गवारी लागू नाही. तिथे संपादकाच्या मनात येईल ते, म्हणून मी संपादकांच्याच मागे लागते.

'इशारा असला की वाद टळतात', असंही पत्रात आहे. मुंबईकराने हे लिहावं याचं नवल वाटलं. १९९८ मध्ये दोन बायकांच्या प्रेमावरचा 'फायर' हा सिनेमा 'ए' प्रमाणपत्र घेऊनच लागला होता. प्रौढांसाठी असं जाहीर होतं, तरी डिसेंबरमध्ये गोरेगावच्या चित्रपटगृहाच्या काचा फुटल्या, पोस्टरं जळली आणि सिनेमा पुन्हा सेन्सॉरकडे धाडला गेला. फेब्रुवारी १९९९ मध्ये तो एकही कट न लागता परत आला. इशाऱ्याने ना प्रेक्षक वाचला ना काच. आणि मराठी वाचकाला या विषयाचा धक्का बसतो म्हणावं, तर बाईवर प्रेम करणाऱ्या मित्रा नावाच्या मुलीवरचं तेंडुलकरांचं नाटक 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्येच रंगभूमीवर आलं, रोहिणी हट्टंगडींनी त्यातली मित्रा केली. २०२५ मध्ये दोन पुरुषांच्या प्रेमावरच्या 'साबर बोंडं' या मराठी सिनेमाला सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला. पुरस्कार आला की सिनेमा आपला मराठी आणि कथा छापायची वेळ आली की विषय 'वेगळा'?

सक्तीची एक ओळ कुठवर जाते, ते हंगेरीत दिसलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारने एका परीकथासंग्रहावर, यात पारंपरिक स्त्री-पुरुष भूमिकांशी न जुळणारं वर्तन आहे, अशा अर्थाची सूचना छापण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी असे विषय अल्पवयीनांपर्यंत पोचू न देणारा कायदा झाला. २०२३ मध्ये एका पुस्तकविक्रेत्या कंपनीला १ कोटी २० लाख फोरिंट दंड झाला; गुन्हा काय, तर दोन शाळकरी मुलांच्या प्रेमाची चित्रकथा प्लास्टिकच्या वेष्टनात न बांधता विकायला ठेवली. पुढच्या वर्षी न्यायालयाने तो दंड रद्द केला, कारण कायद्याच्या मजकुरात एक स्वल्पविराम राहून गेला होता. माझ्या व्यवसायाचा एवढा गौरव मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

इशारे नकोतच, असं मात्र मी म्हणणार नाही. मला ते जास्तच हवेत. दोन मुलींच्या प्रेमाच्या कथेत बाप पट्टा काढत असेल, 'बरं करायला' बाबाकडे नेत असतील, जबरदस्तीने लग्न लावत असतील, तर तिथे जरूर लिहा. ज्यांच्यावर हे गुजरलंय त्यांनाही आपण वाचकच धरतो ना? भाचीच्या वर्गातली एक मुलगी कथा उघडण्याआधी एकच गोष्ट पाहते, शेवटी दोघी जिवंत राहतात की नाही. तिला 'मुख्य पात्राचा मृत्यू' हा इशारा हवा असतो, कारण तिने वाचलेल्या बहुतेक कथांमध्ये दोघींपैकी एक मरतेच. प्रेमाविषयी सावध करणारी ओळ तिच्या काय उपयोगाची?

पत्रलेखकांची एक अडचण मला खरी वाटते. ते गावी जाताना गाडीत सगळ्यांबरोबर ऑडिओ कथा लावतात. मध्येच असं काही आलं तर लहान मुलांना काय सांगायचं? चुंबन असेल तर १३+ द्या, त्याहून जास्त असेल तर १६+ द्या, ती दोन माणसं कोणतीही असोत. नुसतं प्रेम असेल तर मुलांना 'त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे' एवढं पुरतं. माझ्या बहिणीने भाची लहान असताना तेवढंच सांगितलं होतं. भाचीने पुढचा प्रश्न विचारला तो घाट कधी संपणार हा. आणि मागच्या सीटवरच्या पोरांपैकी एखादं तसंच असेल, तर तो इशारा त्याने स्वतःबद्दलच ऐकलेला असतो, याचाही विचार पत्रलेखकांनी करावा.

यंदा त्याच संपादकांना मी एक कागद लिहून दिला आहे. बलात्कार, आत्महत्या, मारझोड तपशिलाने असेल तर शीर्षकाखाली बारीक टाइपात एक ओळ, कथा गंभीर असो की विनोदी. प्रेमकथा असेल तर अनुक्रमणिकेत 'प्रेमकथा'. कोणाची, ते पात्रांच्या नावांवरून पहिल्या पानातच कळतं, आणि ज्याला पुढे जायचं नसेल त्याला पान उलटता येतं. संपादक 'बघू' म्हणाले आहेत.

माझं नाव छापू नये, ही विनंती. अंकाची निम्मी प्रुफं अजून यायची आहेत, आणि मानधन पाडव्याच्या आत कधी मिळालेलं नाही.

— एक मुद्रितशोधक, विक्रोळी (पूर्व), मुंबई