अपडेटची तारीख खोक्यावर छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले पाच महिने रोज रात्री झोपण्याआधी मी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘सिस्टिम अपडेट’ उघडते. छोटं चक्र थोडा वेळ फिरतं आणि उत्तर येतं, ‘तुमची सिस्टिम अद्ययावत आहे.’ त्याच्या खालीच सुरक्षा पॅचची, म्हणजे फोनमधल्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्तीची, तारीख लिहिलेली असते. ती पाच महिन्यांपूर्वीची आहे. फोन ज्यावर चालतो त्या अँड्रॉइड प्रणालीची नवी आवृत्ती इतर कंपन्यांच्या फोनवर केव्हाच येऊन गेली. माझ्या फोनवर अजून नाही.

हा फोन मी हौसेने घेतलेला नाही. माझा पुतण्या नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे. मागल्या दिवाळीत फैजपूरला आला तेव्हा आपला दोन वर्षं वापरलेला फोन मला देऊन गेला. युरोपातल्या एका लहान कंपनीचा हा फोन. नाव लिहीत नाही, कारण मला जाहिरात करायची नाही आणि तक्रारही करायची नाही. पुतण्या म्हणाला, “काकू, यातलं कथील, सोनं कुठल्या खाणीतून आलं, जोडणाऱ्या मजुराला काय मिळालं, हे ही कंपनी सांगते. आणि बिघडला तर घरी उघडता येतो.” त्याने नखाने मागचं झाकण उचकटून बॅटरी काढून माझ्या तळहातावर ठेवली. आमच्याकडच्या मे महिन्यात चार्जिंगला लावलेले फोन तव्यासारखे तापतात, बॅटऱ्या फुगतात, पडदा वर उचलला जातो. ज्यांनी हे भोगलं आहे त्यांना ती तळहातावरची बॅटरी बघून काय वाटेल ते मी सांगायला नको.

सोन्याची गोष्ट मात्र मनात घर करून राहिली. जळगावच्या सराफ बाजाराची ख्याती शुद्ध सोन्यासाठी. आम्ही बायका कॅरेट विचारतो, हॉलमार्क बघतो, वजन दोनदा करून घेतो. हे सोनं कोणी खणलं, हा प्रश्न आयुष्यात कधी सुचला नव्हता. फोनमध्ये सोनं असतं हेही मला साठीत कळलं. आणि मी राहते कुठे, तर फैजपूरला! खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन 1936 साली इथेच झालं. गांधीजींनी तेव्हा खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन भरवण्याचा आग्रह धरला होता. आपल्या अंगावरच्या कापडाचं सूत कोणी कातलं, त्याला पोटापुरतं मिळालं का, हा प्रश्न आमच्या गावाच्या मातीत पडलेला आहे. फोनच्या बाबतीत तो परका वाटायचं कारण नाही.

आता अपडेटचं. उशीर का होतो हे मला आधी माहीत नव्हतं, पुतण्याने फोनवर तासभर समजावलं. गूगल अँड्रॉइडची नवी आवृत्ती बाहेर काढतं, ती आहे तशी कुठल्याच फोनवर चालत नाही. फोनच्या आत जी मुख्य चिप असते ती बनवणाऱ्या कंपनीने आधी आपल्या चिपसाठी खालचा सगळा थर नव्याने जुळवून द्यावा लागतो. त्यानंतर फोन बनवणारी कंपनी कॅमेरा, स्पीकर, बोटाचा ठसा हे सगळं त्यावर बसवते, मग चाचण्या, मग गूगलची मान्यता. मोठ्या कंपनीकडे या कामाला माणसांची फौज असते, लहान कंपनीकडे मोजके हात. आणि चिपवाल्या कंपनीने ‘ही चिप जुनी झाली, आता आम्ही बघणार नाही’ असं म्हटलं की फोनवाल्याचे हातच बांधले जातात. पाट कितीही स्वच्छ ठेवा, वरच्या धरणातून आवर्तन सुटलं नाही तर पाणी येत नाही, हे गिरणेच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

ॲमस्टरडॅमच्या फेअरफोन कंपनीची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. 2013 साली त्यांचा पहिला फोन आला. काँगोमधल्या संघर्षाला पैसा न पुरवणाऱ्या खाणींतलं कथील आणि टँटलम हा धातू त्यात वापरलं होतं. जगभर कौतुक झालं. पण तो फोन अँड्रॉइड 4.2 वरच अडकला आणि 2017 मध्ये त्याची साथ संपली. खाणीतल्या मजुराची काळजी घेऊन बनवलेली वस्तू पुढच्या आवृत्तीवाचून जुनी झाली, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. दुसरा फोन 2015 च्या अखेरीस आला. त्याच्या चिपला ती बनवणाऱ्या क्वालकॉम कंपनीने अँड्रॉइड 6 च्या पुढे साथ दिली नाही. तरी या लोकांनी स्वतः खपून 2018 मध्ये अँड्रॉइड 7 आणलं. मूळ आवृत्ती 2016 ची, म्हणजे दोन वर्षं उशीर झाला. त्यानंतर 9 आणि 10 सुद्धा आणलं आणि 2023 च्या मार्चपर्यंत, सात वर्षांहून जास्त, तो फोन चालवला. 2023 च्या फेअरफोन 5 मध्ये तर त्यांनी नेहमीची मोबाइलची चिप न घेता कारखान्यांतल्या यंत्रांसाठीची चिप घेतली, कारण तिला चिपवाल्याची साथ जास्त वर्षं मिळते. 2031 पर्यंत अपडेट देण्याचं वचन त्यांनी उघडपणे दिलं आहे.

म्हणून मी पाच महिने थांबले तरी माझा राग त्या लहान कंपनीवर नाही. काम चालू आहे, इतपत तरी ते आपल्या ग्राहकांना कळवत असतात. उशिरा येणारं अपडेट मला चालेल. माझं दुखणं वेगळं आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले.

आमच्या शेजारी एक केळी बागायतदार राहतात. त्यांची दोन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकली, त्यामुळे ते मला ‘बाई’च म्हणतात. त्यांच्याकडे 2019 साली अकरा हजारांना घेतलेला एका मोठ्या कंपनीचा फोन आहे. त्याला एकदा नवी आवृत्ती मिळाली आणि पुढे सगळं बंद. कोणी कळवलं नाही, कुठे लिहिलेलं नव्हतं. मागच्या महिन्यात व्यापाऱ्याने केळीचे पैसे खात्यात टाकले आणि त्याच सकाळी बँकेचं ॲप उघडेना. पडद्यावर ओळ आली, हे उपकरण आता चालणार नाही. ठिबकवाल्याला त्याच दिवशी पैसे द्यायचे होते. ते फोन घेऊन माझ्या ओट्यावर आले. केळीच्या चिकाने काळी पडलेली बोटं त्या काचेवर पुन्हा पुन्हा दाबत होते. “बाई, फोन तं चांगला हाये ना, मंग हा नाही काबरं म्हनतो?”

फोन खरंच चांगला होता. काच शाबूत, आवाज स्वच्छ, बॅटरी दिवसभर पुरते. बँकेचंही चुकलं म्हणता येत नाही. ज्या फोनला सुरक्षेचे पॅच मिळत नाहीत, त्यावर लोकांचे पैसे कोण सोडील? पण मग चुकलं कोणाचं? त्यांनी शेवटी एसटीने जाऊन शाखेतून पैसे भरले आणि पुढच्या आठवड्यात हप्त्यावर नवा फोन घेतला. जुना आता नातू गाणी ऐकायला वापरतो. तो नवा तरी किती वर्षं चालेल, हे मी त्याच्या खोक्यावर शोधलं. किंमत होती, निर्मितीचा महिना होता, चार्जरची सूचना होती. अपडेट कधीपर्यंत मिळणार, याचा एक शब्द नव्हता.

कपाशीच्या बियाण्याचं पाकीट घ्या, त्यावर वैधतेची तारीख असते. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर असते. तारीख उलटलेलं बियाणं दुकानदाराने गळ्यात मारलं तर शेतकरी त्याला कृषी अधिकाऱ्यापुढे उभा करतो. बियाण्याच्या पाकिटाच्या कैक पटीने महाग असलेला फोन मात्र कधी निकामी ठरणार हे बनवणाऱ्यालाच माहीत. ई-पीक पाहणी फोनवर, बँक फोनवर, नातवाच्या शाळेचे निरोप फोनवर. शेतकऱ्याने तो घेऊ नये असंही म्हणायची सोय उरलेली नाही.

युरोपात 20 जून 2025 पासून नियमच झाला आहे. एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान 5 वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत आणि महत्त्वाचे सुटे भाग 7 वर्षं मिळाले पाहिजेत. सुरक्षेचं अपडेट 4 महिन्यांत आणि नव्या आवृत्तीचं 6 महिन्यांत द्यावं, अशी मुदतही घातली आहे. आपल्याकडेही हालचाल आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 ला ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याचे गुण देणारा दुरुस्ती निर्देशांक ठरवणाऱ्या समितीने 2025 मध्ये अहवाल दिला, त्यात फोन उघडायला किती सोपा, सुटे भाग मिळतात का, यांच्या जोडीला सॉफ्टवेअर अपडेट हाही निकष धरला आहे. हे चांगलंच झालं. पण निर्देशांकाचे गुण फैजपूरच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाला कितपत उलगडतील? त्याला तारीख कळते. एमआरपीच्या शेजारी, त्याच ठळक अक्षरांत, मराठीत छापा: ‘सुरक्षा अपडेट अमुक महिना, अमुक सालापर्यंत.’ ती पाळली नाही तर ग्राहक आयोगाकडे दाद मागता यावी. चिपवाल्या कंपन्यांनाही या बंधनात घ्या, नाहीतर प्रामाणिक लहान कंपनी भरडली जाईल आणि मोठी कंपनी त्यांच्याकडे बोट दाखवून मोकळी होईल.

येत्या 24 डिसेंबरला, ग्राहक दिनी, आम्ही गावातल्या काही निवृत्त शिक्षिका आणि बागायतदार मिळून यावलच्या तहसील कार्यालयात या मागणीचं निवेदन देणार आहोत. शेजारच्या भाऊंनी पहिली सही केली आहे. रावेर, चोपडा, शहादा, साक्रीकडच्या वाचकांनी आपापल्या तालुक्यात असंच निवेदन द्यावं, अशी विनंती आपल्या वृत्तपत्रातून त्यांच्यापर्यंत पोचवावी.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
फैजपूर (ता. यावल, जि. जळगाव)