पोलिसांच्या जुन्या फायलींवर शेवटची सही कोणाची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोलीस सुधारणांवर पेपरात बरंच छापून येतं, भरती, हत्यारं, कॅमेरे, तपासाला लागणारा वेळ वगैरे, पण या सगळ्या कामातून रोज जे ढीगभर कागद आणि आता व्हिडिओ तयार होतात ते तीस वर्षांनी कुठे असतील, कोणाच्या ताब्यात असतील, यावर एक ओळसुद्धा वाचल्याचं मला आठवत नाही. म्हणून हे पत्र. लांब झालंय, कापायचं असेल तर कापा, पण ग्वाटेमालाचा भाग तेवढा ठेवा अशी विनंती.

मी पोलीस नाही. एका सरकारी ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी जवळजवळ सगळी नोकरी गेली. त्यामुळे एखाद्या देशाच्या राष्ट्रीय पोलीस दलात अभिलेखागाराचा, म्हणजे जुन्या दप्तराच्या साठ्याचा, प्रमुख नेमला जातो म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर पहिल्यांदा त्याची खुर्ची येत नाही, हजारो ठाण्यांमधली कपाटं येतात. प्रत्येक ठाण्याची वही लिहायची पद्धत वेगळी, कुठे फाईल तारखेप्रमाणे लावलेली, कुठे गुन्ह्याप्रमाणे, कुठे साहेब बदलले की पद्धत बदललेली, अर्धं सामान जिन्याखाली आणि उरलेलं गळक्या छपराखाली. त्या माणसाचं पहिलं वर्ष तर नुसतं कुठे काय आहे हे बघण्यातच जातं आणि जायलाच पाहिजे. जो प्रमुख पहिल्याच महिन्यात स्कॅनर विकत घेतो त्याच्याबद्दल मला काळजी वाटते.

आता ग्वाटेमाला, मध्य अमेरिकेतला देश. तिथे १९६० ते १९९६ अशी ३६ वर्षं यादवी चालली, दोन लाखांच्या आसपास माणसं मारली गेली किंवा गायब झाली. युद्ध संपल्यावर सत्यशोधन आयोग बसला, त्यांनी पोलिसांकडे कागद मागितले, तर असे कागद नाहीतच असं उत्तर मिळालं. जुनं राष्ट्रीय पोलीस दल बरखास्त होऊन नवं दल आलं, आणि मग जुलै २००५ मध्ये राजधानीतल्या पोलिसांच्या एका आवारात मानवी हक्क लोकपालाच्या ऑफिसची माणसं तपासणीला गेली, ती सुद्धा कागदांसाठी नाही, तिथे स्फोटकं साठवली आहेत अशी लोकांची तक्रार होती म्हणून. तिथल्या इमारतीत खोल्यांमागून खोल्या छतापर्यंत कागदांनी भरलेल्या निघाल्या. ओल, उंदीर, वटवाघळं, कुजलेले गठ्ठे. अंदाजे ८ कोटी पानं, १८८२ पासून १९९७ पर्यंतची. अर्जेंटिनापासून अमेरिकेपर्यंत जिथे जिथे पोलीस आणि लष्कराच्या अत्याचारांवर काम झालंय तिथल्या लोकांसाठी सुद्धा एवढा मोठा साठा नवीन होता.

हे कागद वाचवून लावायचं काम सुरू झालं, त्याचे प्रमुख झाले गुस्तावो मेओन्यो. आणि इथे मला जे सांगायचंय ते सुरू होतं. बाहेर बेपत्ता लोकांचे नातेवाईक वीस-पंचवीस वर्षं वाट बघत होते, त्यांना साहजिकच वाटत होतं की आधी आमच्या माणसाचं नाव शोधा. पण ट्रुडी पीटरसन नावाच्या अमेरिकन अभिलेखतज्ज्ञ सल्ल्याला होत्या, त्यांचा आग्रह होता की गठ्ठे फोडायचे नाहीत, जो कागद ज्या शाखेचा, तो त्या शाखेतच राहील, आणि आधी पोलीस दलाची रचना कागदावर उभी करायची, कुठली शाखा कोणाला रिपोर्ट करायची, कोणाच्या हुकमाने कोण हलायचं. माणूस गमावलेल्या घरच्यांना हे किती कठोर वाटलं असेल याची मला कल्पना आहे. पण रेकॉर्ड रूममध्ये काम केलेला कोणीही सांगेल की फाईलमधून एक कागद काढून तो ‘महत्त्वाचे’ लिहिलेल्या फोल्डरमध्ये टाकला की तो कागद मुका होतो. तो कोणी पाठवला, कोणी वाचला, त्याच्या मागचा आणि पुढचा कागद कोणता, सगळं जातं.

त्याचा उपयोग कोर्टात दिसला. एडगर फर्नांदो गार्सिया हा विद्यार्थी आणि कामगार नेता १८ फेब्रुवारी १९८४ ला रस्त्यावरून उचलला गेला आणि परत आला नाही, त्याची मुलगी तेव्हा अगदी तान्ही होती. दप्तरात त्या कारवाईचे कागद निघाले, आणि त्यात भाग घेतलेल्या पोलिसांना सन्मान द्यावा अशी शिफारस सुद्धा निघाली. म्हणजे ज्यांनी केलं त्यांनीच आपल्या हाताने लिहून, शिक्के मारून ठेवलं होतं कारण पोलीस खात्यात शाबासकीलाही फाईल लागते. २०१० मध्ये दोन पोलिसांना ४० वर्षांची शिक्षा झाली, आणि २०१३ मध्ये त्या वेळचे राष्ट्रीय पोलीस प्रमुख हेक्टर बोल दे ला क्रूझ यांनाही तेवढीच शिक्षा झाली. ही शेवटची गोष्ट तर कागद आपल्या मूळ जागी राहिल्यामुळेच शक्य झाली असं माझं ठाम मत आहे, कारण एका सुट्या कागदावरून हुकूम वरपर्यंत पोचवता येत नाही, त्यासाठी साखळी लागते.

आता माझा स्वतःचा अनुभव सांगतो, तो पोलिसांचा नाही, पण त्याच कामाचा आहे. जुनं रेकॉर्ड वेगळं करून नष्ट करायचं त्याला ऑफिसात निंदणी म्हणतात, हे बहुतेक वाचकांना माहीत नसेल. निंदणी वाईट नाही, सगळंच ठेवलं तर काहीच सापडत नाही, आणि नियमाने अ, ब, क, ड असे वर्ग पडलेले असतात, कुठलं कायम ठेवायचं, कुठलं तीस वर्षं, कुठलं दहा, कुठलं एक. एकदा वरून निरोप आला की खोली रिकामी करून हवी आहे, यादी करायला चार दिवस. चार दिवसांत काय बघून होणार, वह्यांचे पुठ्ठे बघून याद्या केल्या. त्यात आवक नोंदीच्या काही वह्या होत्या ज्या मुदत संपायच्या आधीच गेल्या, मला माहीत होतं, मी तोंडी बोललो, कोणी ऐकलं नाही आणि यादीवर सही मात्र माझीच घेतली. पुढे काही वर्षांनी एक बाई आल्या, त्यांच्या वडिलांनी दिलेला अर्ज ऑफिसला पोचला होता एवढाच पुरावा त्यांना हवा होता. एक नंबर आणि एक तारीख. ती वही मीच बांधून खाली पाठवली होती. त्या बाई काही बोलल्या नाहीत, पाणी प्यायल्या आणि गेल्या. मला त्या दिवशीपासून हे पक्कं कळलंय की रेकॉर्ड सांभाळणाऱ्याला किल्ली देऊन भागत नाही, त्याला नाही म्हणायचा लेखी अधिकार पाहिजे.

आता हेच पोलिसांच्या बाबतीत धरून बघा. तिथे वहीवर कोणाची तरी अटक असते, कोठडीतला मृत्यू असतो, कोणीतरी हरवल्याची तक्रार असते, आणि ती वही नष्ट होण्यात कधी कधी त्याच खात्यातल्या कोणाचा तरी फायदा असू शकतो. म्हणून पोलीस दलाच्या अभिलेखागार प्रमुखाच्या सहीशिवाय एकही यादी निंदणीला जाता कामा नये, आणि ती सही त्याच्याकडून काढून घ्यायचा अधिकार पोलीस प्रमुखाला सुद्धा नसावा.

इंग्लंडमधल्या शेफील्डचं उदाहरण देतो, तिथलं दल राष्ट्रीय नव्हतं, प्रादेशिक होतं, पण धडा तोच. १५ एप्रिल १९८९ ला हिल्सबरो फुटबॉल मैदानावर चेंगराचेंगरी झाली, एकूण ९७ जण गेले. पोलिसांनी वर्षानुवर्षं प्रेक्षकांना दोष दिला. शेवटी स्वतंत्र पॅनेल बसलं, त्यात ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या माजी प्रमुख सारा टायॅक होत्या, म्हणजे कागद जाणणारा माणूस मुद्दाम घेतला होता. साडेचार लाखांच्या आसपास पानं तपासली आणि २०१२ मध्ये रिपोर्ट आला की पोलिसांच्या स्वतःच्या १६४ जबाबांमध्ये मोठे फेरफार केले होते, आणि त्यातल्या ११६ मधून पोलिसांच्या बंदोबस्तावर टीका करणारा मजकूर काढलेला होता. हे कळलं कसं? तर आधीचा मसुदा आणि बदललेला मसुदा दोन्ही शिल्लक होते म्हणून. कोणी ‘फायनल आहे ना, मग जुनं कशाला’ म्हणून पहिला मसुदा टाकला असता तर ती घरं आजही भांडत बसली असती.

पोलिसांना हे सगळं आपल्याविरुद्ध आहे असं वाटू नये, किंवा वाटलं तर प्रमुखाने त्यांच्यात बसून ते घालवावं. नीट ठेवलेली डायरी खोट्या आरोपातून पोलिसालाही सोडवते, आणि वीस वर्षं न सुटलेली केस पुन्हा उघडायची तर जुना पंचनामा आणि जबाब हाताशी लागतात. निवृत्त अधिकाऱ्यांच्या घरी माळ्यावर ज्या वह्या पडून असतात त्या विश्वासाने परत येतात, नोटीस पाठवून येत नाहीत.

कागद तरी बरा, त्याला कोरडी थंड जागा, चांगले बॉक्स, पिना काढणं आणि कोणाची तरी रोजची नजर एवढं दिलं की तो शंभर वर्षं टिकतो. व्हिडिओचं तसं नाही. अंगावरच्या कॅमेऱ्याचं फुटेज घ्या. ब्रिटनमध्ये जे फुटेज पुरावा म्हणून मार्क केलेलं नसतं ते साधारण ३१ दिवसांनी पुसलं जातं, आणि त्यामागचं कारणही योग्य आहे, रस्त्यावरच्या निरपराध माणसाचा चेहरा पोलिसांनी कायमचा का ठेवावा. पण मार्क कोण करतं? बहुतेक वेळा ज्याने शूट केलं तोच पोलीस. म्हणजे कागदाची निंदणी निदान चार माणसांच्या सहीने व्हायची, इथे एका माणसाने एक बटण दाबलं नाही की झाली, त्याची यादी नाही, शेरा नाही. म्हणून मला वाटतं की अभिलेखागाराचा प्रमुख सॉफ्टवेअर विकत घ्यायच्या मीटिंगमध्येच बसलेला पाहिजे, किती दिवसांनी काय पुसायचं, पुसल्याची नोंद कुठे राहणार, फाईलचा हॅश म्हणजे तिचा डिजिटल ठसा कधी घेणार म्हणजे नंतर कोणी छेडछाड केली तर कळेल, आणि कंपनी बदलली तर जुना डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये बाहेर निघणार, हे करारात लिहून घेणं त्याचं काम आहे. वीस वर्षांनी त्याच्याकडे हार्ड डिस्क पाठवून उपयोग नाही, तोपर्यंत ती वाचणारं मशीनच नसेल.

लोकांना बघायला काय द्यायचं हा वेगळा आणि खरंच अवघड प्रश्न आहे. त्या फायलींत खबऱ्यांची नावं असतात, बलात्कार झालेल्या बाईचा पत्ता असतो, छळ करून घेतलेला खोटा कबुलीजबाब असतो जो वाचून आजही एखाद्याची बदनामी होईल. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एवढंच म्हणतो की ज्याच्यावर फाईल आहे त्याला किंवा त्याच्या घरच्यांना ती सगळ्यात आधी बघता आली पाहिजे, आणि नाकारली तर कारण लेखी मिळालं पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापुढे १९९७ मध्ये लुई जुआने यांनी मांडलेल्या आणि २००५ मध्ये सुधारलेल्या तत्त्वांमध्ये सत्य जाणून घ्यायचा हक्क आणि असे दप्तर नष्ट होऊ न देण्याची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली आहे, त्यामुळे ही काही माझ्या एकट्याची मागणी नाही.

आणि प्रत दुसरीकडे पाहिजेच. पॅरिसच्या पोलीस मुख्यालयाचं जुनं दप्तर मे १८७१ मध्ये एका आगीत गेलं. ग्वाटेमालाच्या लोकांनी स्कॅनची एक प्रत स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवली, टेक्सास विद्यापीठाने २०११ मध्ये बरीचशी पानं ऑनलाइन टाकली. हे किती शहाणपणाचं होतं ते पुढे कळलं, कारण ऑगस्ट २०१८ मध्ये मेओन्यो यांना पदावरून काढण्यात आलं. तेरा वर्षांचं काम, आणि दप्तर तोवर पोलिसांकडून सांस्कृतिक मंत्रालयाकडे गेलेलं असूनही प्रमुखाची खुर्ची सुरक्षित नव्हती.

म्हणून जिथे कुठे अशी नेमणूक होते तिथे जाहिरातीत पगार आणि शिक्षण लिहितात तसंच हेही लिहावं: किती वर्षांची ठरलेली मुदत, काढायचं तर कुठल्या कारणाने आणि कोणाच्या मंजुरीने, वर्षाचा रिपोर्ट पोलीस प्रमुखाकडे न थांबता संसदेपर्यंत जाणार का, आणि निंदणीच्या यादीवर शेवटची सही कोणाची. पहिल्या तीन गोष्टींवर मी चर्चा करायला तयार आहे. चौथीवर नाही.

हे पत्र कुठल्याही रेकॉर्ड रूममध्ये काम करणाऱ्या कोणी वाचलं तर त्यांना एक सांगायचंय. मुदत न संपलेली वही यादीत दिसली तर तोंडी बोलू नका. यादीवरच शेरा लिहा, वहीचा नंबर घाला, तारीख घाला, मग सही करा. मी ते केलं नव्हतं.

आपला,
एक निवृत्त रेकॉर्डकीपर