विहीर काठोकाठ आणि पंप हिडकलचा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

देशाने २०७० पर्यंत कार्बनचे उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचे ठरवले आहे. ते बेळगावच्या वॉर्डात उतरते तेव्हा त्याची पाच जूनच्या पर्यावरण दिनाची रोपे आणि सायकल फेरी होते. रोपांना विरोध नाही, मे महिन्यात त्यांना पाणी कोण घालणार एवढेच आधी ठरवावे. पण महापालिकेच्या हातातली वीज मुख्यतः कुठे जाते, हे पाहिले तर बोलण्याचा विषय पाणी हाच आहे.

बेळगावला पाणी पुरवणाऱ्या हिडकल जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून २१७५ फूट. बेळगाव शहर साधारण अडीच हजार फुटांवर वसले आहे. म्हणजे धरण तुडुंब असतानाही पाण्याला किमान ३०० फूट चढावे लागते आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली की चढ आणखी वाढतो. १,००० लिटर पाणी ३०० फूट उचलायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने पाव युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून ६५ टक्के कार्यक्षम धरले, तर हाच आकडा ०.४ युनिटच्या घरात जातो. जलवाहिनीतल्या घर्षणाची भर वेगळी. विजेच्या एका युनिटमागे देशात सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा अंगणात मारलेल्या पाण्यालाही कोळशाचा वास असतो.

याउलट शहरातल्या विहिरीचे पाणी ३०-४० फूट उचलायला, साधा ४५ टक्के कार्यक्षमतेचा पंप धरूनही, १,००० लिटरला ०.०७ युनिट पुरते. पाचपटीहून जास्त फरक आहे. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर सगळ्यांना माहीत आहे. १९९५ च्या टंचाईत शहरातल्या जुन्या विहिरींचा गाळ काढून त्या वापरात आणल्या होत्या, हेही जुन्या लोकांना आठवत असेल. टंचाई आली की आपल्याला विहीर आठवते, पाऊस पडला की तिच्यावर जाळी टाकून आपण विसरतो. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. विहीर पावसाळ्यात वापरायची असते.

कारण सांगतो. शहराच्या बऱ्याच भागात वर जांभा आणि खाली काळा पाषाण आहे. जांभा पाणी झटकन पितो आणि झटकन सोडतो. ऑगस्टमध्ये विहिरीचे पाणी हाताला लागण्याइतके वर येते, पाऊस सरला की ते आपोआप खाली सरकू लागते. वापरले नाही तरी ते राहत नाही, शेजारच्या नाल्याकडे पाझरून जाते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये छपराचे पाणी भरलेल्या विहिरीत सोडण्याचा जो उत्साह दिसतो, त्याचा उपयोग फार थोडा. भरल्या घागरीवर नळ सोडण्यासारखेच ते. आधी रोज उपसा करा, जागा करा, मग छपराचे पाणी द्या. पुनर्भरणाचा खरा लाभ एप्रिल-मेच्या वळिवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात असतो.

कोणती विहीर किती देईल हे अंदाजाने ठरवू नये. २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. पंप लावून पातळी सहा फूट खाली न्यावी, पंप बंद करावा आणि दर तासाला पातळी लिहावी. १२ तासांत ती ३ फूट वर आली, तर विहीर दिवसाला ५० हजार लिटर सहज देते. मात्र ही चाचणी ऑगस्टमध्ये करून खूश होऊ नये. पावसाळ्यात एकदा आणि जानेवारीत एकदा करावी, दोन्ही आकडे कठड्यावर रंगवावेत.

अशी एक विहीर जुलै ते डिसेंबर चालवली, तर सुमारे ९० लाख लिटर पाणी मिळते आणि वर्षाला ३,००० युनिट वाचतात. कार्बन सुमारे २ टन. आकडा डोळे दिपवणारा नाही, हे मान्य. तीस विहिरी धरल्या तर मात्र ९० हजार युनिट होतात आणि त्यासाठी नवीन जमीन, धरण, काहीच लागत नाही. एक अट आहे. विहिरी सुरू झाल्या आणि हिडकलचे पंप तेवढेच तास चालत राहिले, तर बचत शून्य, उलट विहिरीच्या पंपाचे बिल वाढेल. म्हणून विहिरींतून जेवढे लिटर घेतले, तेवढ्या प्रमाणात मुख्य पंपांचे तास कमी झाल्याची नोंद दर महिन्याला निघाली पाहिजे. ती नोंद नसेल तर सगळी योजना फोटोपुरती.

हे पाणी प्यायला देण्याचा हट्टही नको. सार्वजनिक स्वच्छतागृहे, शाळांची शौचालये, भाजी मार्केट धुणे, उद्याने, बांधकाम आणि रस्त्याकडेच्या झाडांचे टँकर एवढे भागले तरी पुष्कळ. इथे हमखास होणारी चूक म्हणजे विहिरीची लाइन नळाच्या लाइनला टी लावून जोडणे. मध्ये उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवला आहे, असे प्लंबर सांगतो. त्या व्हॉल्व्हमध्ये एक खडा अडकला की तो उघडाच राहतो, आणि नळाला पाणी नसताना विहिरीचे पाणी पिण्याच्या लाइनमध्ये शिरते. टाक्या वेगळ्या, पाइपचा रंग वेगळा आणि नळावर 'पिण्यासाठी नाही' ही पाटी कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत. वाचता आली नाही तर पाटीचा उपयोग काय?

गाळ काढताना जीव जातात, म्हणून हे जरा विस्ताराने लिहितो. बरीच वर्षे बंद असलेल्या विहिरीत प्राणवायू कमी असतो. माणूस उतरवण्यापूर्वी ब्लोअरने निदान अर्धा तास हवा सोडावी, वायू तपासणारे यंत्र दोरीने तळापर्यंत सोडून पाहावे. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू फारच कमी असला तर सांगते, विषारी वायू असला तर नाही. डिझेल पंप विहिरीच्या आत कधीही उतरवू नये; त्याचा धूर तिथेच साठतो आणि खालचा माणूस आवाज न करता कोसळतो. त्याला काढायला दुसरा तसाच उतरतो, मग तोही. कमरेला दोर, वर दोन माणसे, एवढे तरी निविदेत लिहिलेले असावे. गाळ काठावरच टाकू नये, पहिल्या पावसात तो परत आत जातो. गणपतीनंतर निर्माल्य आणि प्लॅस्टरच्या मूर्ती विहिरीत गेल्या, की तळाशी साय धरावी तसा थर बसतो आणि झरे बुजतात. तो थर पंपाने निघत नाही, पहारीने खरवडावा लागतो.

निर्जंतुकीकरणासाठी १,००० लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते, पण ती ताजी हवी. उघड्या पोत्यातल्या पावडरीचा क्लोरिन उडून जातो आणि उरतो तो चुना. पावडर बादलीत कालवून दहा मिनिटे ठेवावी, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे, तळाचा चुना बाहेर टाकावा. तासाभराने पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे का, ते तपासावे. अख्खी पुडी फोडून विहिरीत ओतण्याची पद्धत सोपी आहे, पण त्याने पाणी चुनखडीचे होते.

आता छपराकडे. १,००० चौरस फूट छपरावर १,२०० मिलिमीटर पाऊस धरला आणि २० टक्के वाया गेला असे मानले, तरी जवळपास ९० हजार लिटर हाती येतात. गाळणीसाठी बहुतेक घरांत २०० लिटरचा एक ड्रम बसवतात आणि इथेच फसतात. जोराच्या सरीत, तासाला ५० मिलिमीटर पाऊस असेल, तर या छपरावरून तासाला साडेचार हजार लिटर पाणी येते. ड्रमच्या तोंडाचे क्षेत्रफळ जेमतेम पावणेतीन चौरस फूट, एवढे पाणी त्यातल्या वाळूतून उतरतच नाही. ड्रम वाहतो, अंगणात तळे होते, घरमालक वैतागून वाळू काढून टाकतो आणि छपरावरची घाण थेट विहिरीत. ३ बाय ३ फुटांची विटांची टाकी बांधावी. तळाशी फूटभर मोठी खडी, तिच्यावर अर्धा फूट बारीक खडी, वर फूटभर धुतलेली जाड वाळू, प्रत्येक थरामध्ये नायलॉनची जाळी. एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरायची तर भुकटी जाईपर्यंत धुवावी. पहिल्या सरीचे शे-दोनशे लिटर पाणी बाहेर सोडायला एक वेगळा व्हॉल्व्ह हवाच, आणि तो उघडायचे काम घरातल्या एका माणसावर नेमून द्यावे. बोअरच्या केसिंगला (आतल्या पाइपाला) भोके पाडून छपराचे पाणी थेट सोडणे तर टाळाच. गाळ आत गेला की आधी पंप जातो, मग बोअर.

गळतीबद्दल थोडक्यात. ३ मिलिमीटरच्या भोकातून ३० मीटर दाबाखाली दिवसाला ९ हजार लिटर पाणी जाते. चोवीस तास पाणी असलेल्या वॉर्डात हे भोक दिवसरात्र वाहते, ठरावीक तास पाणी येणाऱ्या वॉर्डात पाणी गेले की त्यातूनच गटाराचे पाणी आत येते. रात्री २ ते ४ या वेळात, लोक झोपलेले असताना, वॉर्डाच्या मीटरवरचा प्रवाह पाहावा आणि एकेक व्हॉल्व्ह बंद करत जावे. ज्या व्हॉल्व्हला आकडा धाडकन उतरतो, त्या गल्लीत खोदावे. बहुतेक वेळा दोष मोठ्या पाइपात नसतो, घरजोडणीच्या फेरूलपाशी, म्हणजे घरची नळी मुख्य पाइपाला जिथे जोडतात तिथे, असतो.

शहराचे पाणी शिवारात नेणाऱ्या बळ्ळारी नाल्याचे दुखणे येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूरच्या शेतकऱ्यांना नव्याने सांगायला नको. धूळवाफ पेरणी झाली, उगवण चांगली आली, आणि मग जलपर्णी नळ्यांत अडकून पाणी शिवारात पसरले की भात कुजतो, दुबार पेरणी गळ्यात येते. नालासफाई मेअखेर पूर्ण हवी आणि काढलेली जलपर्णी काठावर ठेवायची नाही. तिचा तुकडा पाण्यात पडला तरी ती पुन्हा वाढते. शहरात पेव्हर आणि काँक्रीट जेवढे वाढेल, तेवढे पाणी शिवारात लवकर पोहोचेल. उपसलेल्या विहिरी आणि छपराच्या टाक्या हा पूर थांबवतील, असे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. लहान सरींचा भार मात्र त्या कमी करतात.

विहिरीवर सौरपंप बसवण्याची मागणीही येते. आमच्याकडे विहिरी भरलेल्या असतात तेव्हाच आभाळ भरलेले असते, म्हणून स्वतंत्र सौरपंप जुलै-ऑगस्टमध्ये निराशा करतो. पॅनेल शाळेच्या किंवा मार्केटच्या छपरावर, हेस्कॉम या वीज कंपनीच्या नेट मीटरला (जादा वीज कंपनीला देऊन बिलातून वजा करणाऱ्या मीटरला) जोडून आणि पंप साध्या विजेवर, हे जास्त व्यवहाराचे. घरगुती ग्राहकाला राज्य सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत वीज मोफत मिळत असताना तो पॅनेलसाठी खिशात हात घालेल, ही अपेक्षा सध्या सोडून द्यावी.

हेच गणित जसेच्या तसे चिकोडी-अथणीला लावू नये. तिथे पाऊस आपल्या निम्म्यापर्यंत उतरतो आणि काळी माती पाणी सहज मुरू देत नाही, तिथे शेततळे आणि बांधबंदिस्तीच बरी. खानापूरच्या पश्चिमेला पाऊस भरपूर, पण उतारही तेवढाच. प्रत्येक ठिकाणी आधी विहिरीची पातळी मोजावी, मग योजना लिहावी.

मोजायला फार काही लागत नाही. ३० मीटरची फायबरची टेप घ्यावी, टोकाला एक जड नट बांधावा, पहिल्या मीटरभर टेपला पाटीवरचा खडू घासावा. कठड्यावर रंगाने एक खूण करून दर महिन्याच्या एक तारखेला, पंप सुरू होण्यापूर्वी सकाळी सहाला, त्याच खुणेपासून टेप थोडी पाण्यात बुडेल इतकी सोडावी. खुणेपाशी आलेल्या आकड्यातून भिजलेल्या खडूची लांबी वजा केली की खुणेपासून पाणी किती खाली आहे ते कळते. वॉर्डातल्या शाळेची नववीची मुले हे काम पाच मिनिटांत करतील, आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीपर्यंत त्यांच्या वहीत निदान सहा महिन्यांचे आकडे असतील.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव