नाव विचारायचं राहून गेलं

मार्चमध्ये वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात एकेक घर तापानं आडवं पडत होतं. हवा बदललीय, असं म्हणत आम्ही आपले काढा उकळत बसलो. तेवढ्यात घरोघर तापाची चौकशी करत फिरणाऱ्या आशाबेन, म्हणजे 'आशा' आरोग्यसेविका, दारात आल्या. सासूबाईंचं वय ७८, त्यात मधुमेह. ऐकताच त्यांनी वही मिटली नि म्हणाल्या, "बाने आजे ज लई जाओ." आईंना आजच दवाखान्यात न्या. घाई कशाची, ते दवाखान्यात कळलं. फ्लूवरच्या ओसेल्टामिविर या औषधाचा सर्वांत जास्त उपयोग लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत होतो. आमचे ३६ उलटले होते!

आशाबेन, तुमचे आभार कसे मानू? सूरसागर तलावाजवळचे रिक्षावाले भाई, तुमचेही. खोकला ऐकून तुम्ही नाकाला रुमाल बांधलात, पण नाही म्हणाला नाहीत.

औषधाच्या दुकानातल्या मुलाला मात्र मी त्या दिवशी मनातल्या मनात शिव्या घातल्या. स्वतःसाठी अँटिबायोटिक मागितलं, तर चिठ्ठीशिवाय देईना; वर "फ्लू विषाणूचा, त्यावर हे चालत नाही" असं सुनावलं. बाळा, तुझंच बरोबर होतं.

आणि पाच दिवस दाराबाहेर मऊ भाताचा डबा ठेवून, कडी वाजवून जिना उतरणारं कोण होतं? झाकणाला पोचा असलेला स्टीलचा डबा धुऊन ठेवलाय. न्यायला या. सासूबाई चहाला थांबवणार आहेत.