नाताळ: आधी उपवास, मग मेजवानी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर आला की पुरवण्यांतून ‘युरोपातला नाताळ’ वाचायला मिळतो: सांताक्लॉज, टर्की, केक आणि २५ तारखेची सकाळ. हे वर्णन मुख्यतः ब्रिटनचे आहे. जर्मनी, पोलंड, चेकिया, स्वीडन अशा अनेक देशांत सणाचा खरा क्षण २४ डिसेंबरची संध्याकाळ हा असतो. भेटवस्तूही तेव्हाच उघडतात. शिवाय कित्येक ठिकाणी त्या रात्रीचा स्वयंपाक उपवासाच्या नियमांतून आलेला आहे. लेखांतून हा उपवासच गळतो, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

कॅथलिक परंपरेत नाताळच्या आदल्या दिवशी मांस वर्ज्य असे, मासे चालत. पोलंडमध्ये आजही बहुतेक घरांत हे पाळतात. आकाशात पहिली चांदणी दिसल्यावरच पाने मांडतात. टेबलावरच्या कापडाखाली, येशूला जन्मल्यावर ठेवले त्या गव्हाणीची आठवण म्हणून थोडे वाळलेले गवत पसरतात आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचे ठेवतात. सुरुवात ‘ओप्वातेक’ने होते. ही पीठ-पाण्याची, कागदासारखी पातळ, येशूजन्माचे चित्र उठवलेली चकती. प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातातल्या चकतीचा तुकडा मोडतो, शुभेच्छा देतो, आणि मगच जेवण. पदार्थ परंपरेने बारा: बीटचे सार, हेरिंग मासा, कोबी-अळंबीचे सारण भरलेले, करंजीसारखे प्येरोगी, खसखशीचा रोल, सुक्या फळांचे पेय. आणि अर्थातच कार्प मासा.

कार्प तळ्यातला, त्यामुळे त्याला चिखलाचा वास येतो. तो जावा म्हणून मासा जिवंत आणून काही दिवस स्वच्छ पाण्यात, बहुधा आंघोळीच्या टबातच, ठेवायची पद्धत होती. दुसरी अडचण काट्यांची. मांसात बारीक, दुफाटी काटे असतात. तुकड्यांना तीन-चार मिलिमीटरवर उभ्या चिरा दिल्या की तळताना ते काटे कुरकुरीत होतात. चिरा न देता जाड तुकडे तळले तर तेच घशात अडकतात.

जर्मनीचा ‘श्टोलन’ म्हणजे बेदाणे-बदाम घातलेला नाताळचा गोड पाव. त्याच्यामागेही उपवासच आहे. नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, म्हणजे आगमनकाळात, लोणी निषिद्ध असल्याने तो तेलात मळत आणि बेचव होई. १४९१ साली पोप आठवे इनोसंट यांनी जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांताला लोण्याची परवानगी दिली, तीही चर्चसाठी पैसे भरण्याच्या अटीवर. आज सॅक्सनीतल्या ड्रेस्डेन शहराच्या श्टोलनला १ किलो मैद्यामागे किमान ५०० ग्रॅम लोणी, ६५० ग्रॅम बेदाणे, २०० ग्रॅम पाकवलेली संत्र्या-लिंबाची साल आणि १५० ग्रॅम बदाम लागतात. इतक्या लोण्यात यीस्ट दबून जाते. म्हणून थोडा मैदा, कोमट दूध आणि यीस्ट यांचा गोळा आधी फुगवून घेतात, लोणी नंतर घालतात आणि बेदाणे अगदी शेवटी, नाहीतर कणीक फाटते. बेदाणे आदल्या रात्री रममध्ये भिजवले नाहीत तर ते कणकेतला ओलावा शोषून घेतात आणि श्टोलन कोरडा पडतो. भट्टीतून निघताच वितळलेले लोणी आणि वर साखर. मग घट्ट गुंडाळून थंड जागी दोन-तीन आठवडे मुरवायचा. नाताळच्या आठवड्यात भाजलेला श्टोलन खाता येतो, पण त्याला ती चव नसते.

पूर्व युरोपातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत उपवास तब्बल चाळीस दिवसांचा, आणि त्यात दूध-अंडीही नाहीत. सर्बियन चर्च अजून जुने ज्युलियन पंचांग वापरते. ते आपल्या नेहमीच्या कॅलेंडरपेक्षा सध्या १३ दिवस मागे असल्याने तिथला नाताळ ७ जानेवारीला येतो. मात्र ‘ऑर्थोडॉक्स म्हणजे ७ जानेवारी’ हे छापून येणारे समीकरण चूक आहे. ग्रीस, रोमानिया आणि बल्गेरियात नाताळ २५ डिसेंबरलाच असतो, आणि युक्रेननेही २०२३ पासून सरकारी सुट्टी २५ तारखेवर आणली.

भेटवस्तूंच्या तारखाही सांताला धरून नाहीत. नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरची संध्याकाळ, स्पेनमध्ये ६ जानेवारी, ग्रीसमध्ये १ जानेवारी.

आपल्या पुरवणीत देशाच्या नावाशेजारी निदान मुख्य दिवस आणि उपवासाचा नियम द्यावा, ही विनंती. सहलीला जाणाऱ्या वाचकांना त्याचा थेट उपयोग आहे. जर्मनीत २४ तारखेला दुकाने साधारण दुपारी दोनपर्यंतच उघडी असतात आणि पोलंडमध्ये २०२५ पासून तो दिवस सुट्टीचाच झाला आहे. त्यापुढे २५ आणि २६ या दोन्ही देशांत सुट्टी, तेव्हा तीन दिवसांचे खाणेपिणे २३ तारखेलाच भरून ठेवावे.

आपला,
एक वाचक