माझी मुलगी चालते, म्हणून ती आजारी नाही का?

मा. मंत्रिमहोदय,

स.न.वि.वि.

मंगळवारी मुलीला घेऊन दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीला गेले. पत्र्याच्या शेडखाली तीन तास रांग. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार आहे. अंग तापलं की डोळ्यापुढे धूसर होतं, पाय जड पडतात. नंबर लागल्यावर टेबलापलीकडून एवढंच आलं, "चालतेय की चांगली!" फाइल उघडलीसुद्धा नाही.

साहेब, दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यातल्या २१ प्रकारांत हा आजार नावानिशी आहे. प्रमाणपत्रं वेळेत मिळतील, असं गेल्या वर्षी आमच्या भागातल्या शिबिरात मंचावरून सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

"टेन्शन घेतलं असेल पोरीने," हे ऐकून मी विटले आहे. या आजारामागे शरीरातली खरी कारणं आहेत. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए जनुकं असतात. शिरलेल्या विषाणूचे तुकडे प्रतिकारशक्तीला दाखवून देणारे रेणू त्यांच्यापासून बनतात. त्यातला एक प्रकार अंगात असला की या आजाराचा धोका साधारण तिप्पट होतो. दुसरा भाग एपस्टाइन-बार विषाणूचा. तो दहातल्या नऊ मोठ्या माणसांत असतोच, आणि बहुतेकांना काही होत नाही. पण २०२२ मध्ये अमेरिकी लष्करातल्या १ कोटीहून अधिक जणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्याच्या लागणीनंतर धोका ३२ पट वाढलेला दिसला. त्याचं एक प्रथिन मेंदूतल्या एका प्रथिनाशी मिळतंजुळतं आहे. तिथे शरीराची फसगत होते आणि ते स्वतःच्याच मज्जातंतूंचं आवरण कुरतडतं. जनुक कदाचित माझंच असेल. रात्री झोप लागत नाही ती त्या विचाराने. पण पोरीचा यात काय दोष?

सरकारी आरोग्य योजनेच्या विम्याचं कवच दीड लाखावरून ५ लाखांवर गेलं म्हणतात. खिडकीवर कळलं, ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच मिळतं. आजाराचा झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायची गोळी आमच्या खिशातून! म्हणजे आधी पोरीने अंथरूण धरायचं, मग सरकार येणार?

राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्या नाशिकमध्येच आहे, आणि मी मात्र पंचवटी एक्स्प्रेसने तिला मुंबईला नेते. एका वारीत माझा दोन दिवसांचा रोज बुडतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते होताहेत, घाट होताहेत. व्हावेत, गोदामाई आमचीच आहे. पण तुटलेलं हाड दिसल्याशिवाय दुखणं खरं न मानणारी ही यंत्रणा कधी दुरुस्त होणार?

मला तपासणीची नवी तारीख हवी, मेंदूविकारतज्ज्ञासमोर. आणि रोजच्या गोळ्या योजनेत हव्यात. या वेळी मी एमआरआय टेबलावर पसरून ठेवीन. कुणीतरी तो उजेडात धरून बघावा.

एका मुलीची आई,
पंचवटी, नाशिक